लिव्हरपूलच्या खिडकीतली पऱ्हाटी

अकोल्याच्या काळ्या मातीतला माणूस खलाशी कसा झाला, असं मला अजूनही कुणीतरी विचारतंच. कसा म्हणजे काय? समुद्र पाहायला म्हणून गेलो आणि जहाजावर चढून बसलो.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. रेल्वे अजून आमच्याकडे पोचली नव्हती; ती जिथवर आली होती तिथवर आमच्या बैलगाड्या कापूस घेऊन जात. माझ्या गाडीमागे बाळापूरच्या एका मुसलमान शेतकऱ्याच्या मुलाची गाडी असायची. माझा जिवलग दोस्त. एका खेपेला आम्ही दोघांनी बैल माझ्या भावांच्या हवाली केले आणि कापसाबरोबर थेट मुंबई गाठली. बंदरात माणसांचा तुटवडा होता. खलाशांच्या मुकादमाने, म्हणजे सारंगाने, बैल पारखावे तसे आमचे दंड दाबून पाहिले आणि आम्हाला ठेवून घेतलं.

पहिला महिना आम्ही जहाजाच्या कठड्याला लोंबकळून काढला. पोटात पाणी ठरेना. कोकणातले खलाशी हसून बेजार व्हायचे. पण गाडीवर कापूस आवळायची आमची गाठ त्यांच्या गाठीपेक्षा पक्की निघाली, तेव्हापासून ते आम्हाला जेवायला आपल्याजवळ बसवू लागले. फार चांगली माणसं होती ती.

साडेचार महिन्यांनी लिव्हरपूलला लागलो. जहाज दुरुस्तीला गेलं आणि आम्ही दोघं खलाशांना खोल्या देणाऱ्या एका विधवा बाईकडे राहिलो. दिवसा गोदीत हमाली करायची. तिथले लोक आमच्या मुलखातल्या कापसाच्या गासड्या फोडत आणि आतला पाला, माती, सरकी एकमेकांना दाखवून शिव्या घालत. भाषा कळत नव्हती, पण शिवी कुठल्याही भाषेत कळते. हा कापूस आमच्याच गाड्यांतून आला असेल, हे आम्ही कुणाला सांगितलं नाही.

त्या कचऱ्यातले सरकीचे चार दाणे दोस्ताने खिशात घातले आणि खोलीच्या खिडकीत एका फुटक्या मडक्यात लावले. एक उगवला.

"एक बोंड फुटू दे," तो म्हणाला. "मंग घरी जातो. अम्मीले दाखवतो, इलायतेत कापूस पिकवला म्हनून."

मी पोट धरून हसलो. पण पऱ्हाटी वाढत गेली. ऊन पडलं की घरमालकीण मडकं खिडकीत ठेवी, गारठा वाढला की चुलीजवळ नेई. ऊन आठवड्यातून एखाद्या दिवशी पडायचं, त्यामुळे मडकं बहुतेक चुलीजवळच असे आणि दोस्तही. त्याला आणि तिला एकमेकांची भाषा येत नव्हती. पऱ्हाटीकडे बोट दाखवून तासन्‌तास गप्पा चालत. पाला भरघोस आला. दोन फुलं आली आणि गळाली. मग मोठ्या मुश्किलीने एक बोंड धरलं.

सहा महिन्यांनी जहाज निघायची सकाळ झाली. मी त्याला न्यायला गेलो तर हा मडक्यातली माती उकरत बसलेला.

"तू हो पुढं. बोंड फुटलं का येतोच."

"अन् चाचीले काय सांगू?" त्याच्या आईला मी चाची म्हणायचो.

"हेच सांग."

मी संतापलो. एका रोपट्यापायी आईला वाऱ्यावर सोडतोस, म्हणून तोंडाला येईल ते बोललो. तो मान खाली घालून बसला, पण उठला नाही.

गावी आल्यावर जातीत परत घेण्यासाठी मला गावजेवण घालावं लागलं. ते उरकलं आणि बाळापूरला गेलो. चाची अंगणात ज्वारी पाखडत होती. एकुलता एक मुलगा आला नाही म्हटल्यावर ही बाई ऊर बडवून घेईल, याच भीतीने मी वाटेत दोनदा मागे फिरलो होतो. तिला सगळं सांगितलं. खोली, खिडकी, फुलं, बोंड. मालकिणीचा विषय तेवढा गाळला. परमुलखातली, परधर्माची, त्यात विधवा. तिच्या घरात राहिलो हे कोणत्या तोंडाने सांगणार?

चाचीने सगळं ऐकून घेतलं.

"ऊन किती पडते तिथं?"

"पडतच नाही म्हना ना."

"अन् थंडी?"

"लय."

"तरी त्याले वाटते का बोंड फुटन?"

"तसंच म्हने तो."

तिने सूप खाली ठेवलं.

"बापजाद्यापासून आमी पऱ्हाटी लावून राहिलो. बिगर उन्हाचं बोंड फुटत नाही, हे त्याले चालता येत नोतं तवापासून ठाऊक हाये."

मीही शेतकऱ्याचाच मुलगा. सहा महिने त्याच्या शेजारी झोपलो, भांडलो, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलो, तरी एवढं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. चाचीचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, पुन्हा पुसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग तिने सूप बाजूला सारलं, माझ्याकडे सरकून बसली आणि चक्क हसली.

"बरं," ती म्हणाली, "आता बहू कशी हाये ते सांग."