चुलीत घातलेले खापरपणजोबा

लग्नानंतर चौथ्याच दिवशी मी सासरच्या चुलीत दगड पेटवायला घेतला होता. चांगला तासभर. फुंकणी फुंकून गाल दुखले, भात कच्चा, आणि लाकूड काही पेटेना. उचलताना फार जड लागलं, तेव्हा ओलं असेल असं माझ्या सातवी पास डोक्यानं ठरवलं. साल होती, गाठी होत्या. बाईनं अजून काय बघायचं? सासूबाई दारातून म्हणाल्या, "काऊन वं, धूरही नाही निघून राहिला?" मी वैतागून तांब्याभर पाणी ओतलं. फाटकन आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतून वर्तुळंच वर्तुळं.

ते माझ्या धाकट्या दिराचं दैवत होतं. झाडांचं गोत्र जपणारा असा माणूस अख्ख्या सालेकसा तालुक्यात दुसरा झाला नाही. जमीन तपासणाऱ्या साहेबांच्या पेट्या वाहायला भाऊजी सिरोंच्याकडे गेले आणि हा गोटा खांद्यावर घेऊन आले. हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं सूचिपर्णी झाड, लाकडाचा दगड झालाय, असं साहेबांनी सांगितलेलं ते भेटेल त्याला ऐकवत. लोक म्हणत, "गोटा आहे भाऊ, धुणं धुवाले ठेव." मुलगी पाहायला गेले तरी पिशवीत तो असायचाच. एकदा पोह्यांची बशी सरकवून तो मुलीच्या बापापुढे ठेवला आणि म्हणाले, "पहा, लाकूड आहे." बापानं पाहिलं. मुलीकडून निरोप आलाच नाही. पुढे लग्न राहूनच गेलं. मग त्यांनी गोंदियाच्या नर्सरीतून त्याच कुळातलं कुंडीतलं ख्रिसमसचं झाड आणलं. वैशाखात त्याला ओल्या पोत्याचा आडोसा करत, आणि चुलीतून वाचलेले तुकडे शेजारी मांडून त्याला सांगत, "पाया पड, तुया खापरपणजोबा आहे."

मी चुलीत दगड फोडला त्या दिवशी मात्र त्यांनी राखेतून दोन्ही तुकडे उचलले, धुतले आणि न जेवता निजले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते न बोलणं मी चाळीस वर्षं पोटात वागवलं. आता त्यांना नीट दिसत नाही. दुपारी ओसरीवर बसून बोटानं ती वर्तुळं चाचपतात. परवा मी शेजारी टेकले आणि विचारलंच, "भाऊजी, तेव्हा माझ्यावर ओरडले काऊन नाही?"

बोट वर्तुळावरच ठेवून ते हसले.

"वहिनी, सारा गाव त्याले गोटाच म्हणे. लाकूड समजून चुलीत घालणारं मले एकच माणूस भेटलं. तुमच्यावर कायले ओरडू?"