खडीवरचे रंग

दालनात शिरताना प्रथम जाणवला तो जवसाच्या तेलाचा दाट, किंचित कडवट वास. बाहेर चैत्राचं ऊन सोलापूरच्या रस्त्यांवर पांढरंफटक पसरलं होतं. दुखरं मनगट डॉक्टरांना दाखवायला करकंबहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, घटकाभर सावली मिळावी एवढ्यासाठीच मी त्या चित्रप्रदर्शनात गेले होते.

समोरच्या भिंतीवर अंजिरी, हळदी, मोरपंखी, डाळिंबी रंग उसळत होते. जवळ गेल्यावर त्या रंगांतून बायका उमटल्या, दगडांच्या ढिगाऱ्यांवर बसून खडी फोडणाऱ्या. खाली नाव होतं, ‘दुष्काळ’. मला संताप आला. नुकत्याच सरलेल्या त्या कोरड्या काळात आक्का अशाच एका रस्त्याच्या कामावर राबत होती, आणि मी इथे शहरात मुलींना शिकवताना तिचे ते दिवस मनाशी नेहमी राखाडीच रंगवत आले होते.

तरुण चित्रकार तिथेच उभा होता. “दुष्काळाला असले सणासुदीचे रंग?” मी विचारलं.

तो गडबडला. “एसटीतून जाताना मला असंच दिसलं, बाई. का, ते नाही सांगता येणार.”

“खरं हाय त्यांचं,” माझ्या मागून आक्का म्हणाली. “रोजची लुगडी खडीवर बसून फाटून गेली हुती. पेटीत लग्नातलं तेवढं ऱ्हायलं हुतं. समद्या बायका तेच नेसून यायच्या.”

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. चित्रकाराचाही चेहरा उतरला. आपण काय रंगवलं हे त्यालाही आताच कळत होतं. “रागावलात का?” त्याने हळूच विचारलं.

“राग कशाचा? लई देखणं काढलंय की. तवा वाटायचं, गाड्या नुसत्या जात्यात, आमाला कुणी बघत न्हाई.”

ती बराच वेळ चित्रासमोर उभी राहिली. तिच्या मुद्रेवर दुःख नव्हतं. माहेरच्या लग्नातला फोटो पाहताना असावा तसा एक संकोचलेला आनंद होता. जे रंग मला खोटे वाटले ते खरे निघाले होते, आणि खरे निघाल्यावर अधिकच असह्य झाले होते. तरीही ते सुंदर होते, हे मला नाकारता येईना. त्या चित्राकडे कोणत्या नजरेने पाहावं हे न उमगून मी नुसती आक्काकडे पाहत राहिले, आणि तिने “चल की” म्हणावं अशी वाट पाहू लागले. ती म्हणत नव्हती.