शिवाप्पांचं गिऱ्हाईक

बाजार उठला की उरलेला माल गाडीत भरून नेता येतो, पण गिऱ्हाइकांचे किस्से कुठं भरायचे? ते साठतच जातात! निजामाच्या अमदानीत, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, नळदुर्गच्या आठवडी बाजारात आम्ही चौघं एकाच लिंबाखाली बसायचो. माझं कापड, रखमाकाकूंची मडकी, हुसेनचाचांच्या बांगड्या, आणि चौथे बैलांचे दलाल शिवाप्पा. प्रत्येकाला वाटायचं, सगळ्यात चिवट गिऱ्हाईक आपल्याच वाट्याला आलंय.

त्या वर्षी शिवाप्पांना स्वतःचाच बैल विकायचा होता. त्यांचे गुडघे गेलेले, घरात दुसरं करणारं कुणी नाही. हरण्या नावाच्या त्या बैलावर तर सगळा जीव. दर बाजारी त्याला घेऊन यायचे आणि दिवस कलला की परत घेऊन जायचे. "गिऱ्हाईक बरं न्हाय," एवढंच म्हणायचे.

*

लढाईपायी कापड मिळेना. माझ्याकडं मांजरपाटाचा एकच तागा उरलेला. एक पाटील आले, कापड चुरगाळून बघितलं आणि म्हणाले, "दुसरं दाखवा."

कापडाच्या गिऱ्हाइकाला पहिलंच कापड पटलं तर फसल्यासारखं वाटतं. मी तोच तागा पडद्यामागं नेला, उलटा केला आणि घेऊन आलो. पाटलांनी वास घेतला, धागा ओढला.

"हां! ह्ये खरं कापड! मघाचं दाखवून येडं करत हुता व्हय?"

सहा हात फाडून घेतलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मघाचं कुणाच्या गळ्यात मारू नका बरं. नाव खराब हुईल!"

*

मडक्याचं गिऱ्हाईक वाजवल्याशिवाय मडकं घेत नाही. एक आजोबा दर उन्हाळ्यात यायचे, तीस-चाळीस मडकी टिचक्या मारून वाजवायचे आणि नेमकं सगळ्यात चांगलं उचलायचे. एकदा मी त्यांना हाक मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा खांदा हलवला तेव्हा कळलं, आजोबा ठार बहिरे!

रखमाकाकू तर उडाल्याच. खुणा करून विचारलं, मग तुम्ही वाजवून बघता काय?

आजोबा हसले. "मडकं कोण बघतंय? टिचकी मारली की म्या तुजं त्वांड बघतो. ज्याच्या टिचकीला तू घाबरत न्हाईस, ते मडकं पक्कं!"

*

हुसेनचाचांचं गिऱ्हाईक मात्र राणी. बांगड्या भरून झाल्या की मग भावाची घासाघीस. एका बाईनं हात भरून घेतले, भाव ऐकला आणि दोन्ही हात पुढं केले. "चाचा, लई म्हाग वाटत्यात. उतरवून घ्या!"

सवाष्णीच्या हातातली बांगडी चाचा फोडणार? कानाला हात लावला बिचाऱ्यांनी. बाईनं दिलं तेवढं घेतलं, वर एक बांगडी फुकट घातली.

*

बैलाच्या गिऱ्हाइकानं आधी बैलाला नावं ठेवायची, ही रीतच. नवख्यांना शिवाप्पाच ती शिकवायचे. मग दलालानं रुमालाखाली गिऱ्हाइकाचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. भोवतीच्यांना आकडा कळायचा नाही.

पण हरण्याची गोष्ट वेगळी! कुणी म्हणालं, "शिंग जरा वाकडंच हाय." शिवाप्पा म्हणाले, "तुमचं नाक कुठं सरळ हाय?"

दुसरा म्हणाला, "चालीला मंद दिसतोय."

"इचार करून चालतो त्यो. तुमी बी कवा करून बघा!"

हुसेनचाचा म्हणायचे, "आप्पा, अशानं ह्यो बैल तुमालाच इकत घ्यावा लागंल."

*

एका बाजारी पारूबाई आली. एकटीच. नवरा अंथरुणाला खिळलेला. हरण्याचे दात नाहीत बघितले, खूर नाहीत बघितले.

"माझ्या जोडीतला एक गेला. राहिलेला चाऱ्याला त्वांड लावंना झालाय. त्याला सोबत पायजे. ह्यो आवडीनं काय खातो, तेवढं सांगा."

शिवाप्पांनी हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग हरण्यासाठी पहिल्यांदाच त्यांनी रुमाल काढला. पण परक्या बाईचा हात धरायचा कसा? सगळा बाजार बघत होता.

हुसेनचाचा उठले. "साऱ्या मुलखातल्या बायकांचे हात ह्या हातानं धरलेत. सरका, म्या बसतो मधी."

चाचांचा एक हात बाईच्या पदराखाली, दुसरा शिवाप्पांच्या रुमालाखाली. जरा वेळानं चाचा म्हणाले, "आप्पा, तुमच्या बांगडीचं माप पावणेतीनचं!" बाजार खो खो हसला. शिवाप्पा हसले नाहीत.

"दिला," म्हणाले आणि कासरा बाईच्या हातात देऊन तोंड फिरवून बसले.

आम्ही चाचांना घेरलं. "कितीला?"

"बाईनं बोटं दाबली, म्या फुडं दाबली. आप्पांनी कायच दाबलं न्हाय. नुसता हात धरून बसले." मग हळूच म्हणाले, "लेक सासरी धाडणाऱ्या आईला चुडा भरताना हात असा गार लागतो."

मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

*

पोळ्याच्या आदल्या बाजारी शिवाप्पा काठी टेकत माझ्यापुढं येऊन बसले. हरण्या पारूबाईच्या बैलाच्या जोडीला गेल्यापासून त्यांचा गोठा मोकळाच होता.

"झुलीचं कापड काढा."

मी लाल कापड काढलं. त्यांनी चुरगाळलं नाही, धागा ओढला नाही, भावही विचारला नाही. मलाच चैन पडेना. "आप्पा, दुसरं दाखवू?"

"नगं. ह्येच द्या." दोन्ही हात पसरून त्यांनी हवेतच माप दाखवलं. "एवढं."

मी कात्री लावली.

"थांबा," शिवाप्पा म्हणाले. "दोन झुलींचं फाडा. एकालाच घातली तर दुसऱ्याला काय वाटंल?"