डंपरचं पिल्लू

घुग्घुसला डंपर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा एकेक पंजा घमेल्याएवढा होता. मी माजरीला मुलगी पाहायला निघालो, तर माझी स्कूटर नेमकी त्याच्याच दारात बंद पडली.

"हे तं डंपरचं पिल्लू हाय!" म्हणत त्यानं इंजिन दोन बोटांनी उचललं, खोललं आणि दुपारपर्यंत त्यात व्हॉल्व्ह शोधले. शेवटी गरजला, "भाऊ, तुमचे व्हॉल्व्ह कोनी तरी चोरले!"

मग सगळं जोडून त्यानं असा धक्का मारला, की मी थेट माजरीतच थांबलो. मुलीच्या बापाला उशिराचं कारण म्हणून मी ती चोरी सांगितली. आतून मुलगी खळखळून हसली, "असल्या टू-स्ट्रोक स्कूटरले व्हॉल्व्ह असतच नाई जी!"

मी तिथंच होकार दिला. लग्नाची पत्रिका द्यायला त्या डंपरवाल्या मिस्त्रीकडे गेलो, तेव्हा तो दुसऱ्या एका स्कूटरवाल्याला चोरीची तक्रार नोंदवायला ठाण्यात पाठवत होता.