मंगळावरचा पाट आणि आमचा पितांबरभाऊ

पितांबरभाऊ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन पांझरेकाठच्या गावात आले तेव्हा अख्खं घर दारात ओवाळायला उभं होतं, आणि हा गायब. बऱ्याच वेळानं उगवला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं. लांबूनच हात जोडून म्हणाला, "वहिनी, पाया पडस, पन आठूनच. पाटले भोक पडनं शे." आणि आला तसा पळाला. मी सासूबाईंना हळूच विचारलं, "यांचं लग्न झालंय का हो?" त्या म्हणाल्या, "झालं ना. पाटाशी."

तर हा आमच्या गावाचा पाटकरी. नदीवर जुना दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली गावाच्या शेतीचे दोन मोठे तुकडे, वरचा फड आणि खालचा फड. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, पाणी अडवणारी फळी कधी उचलायची, कधी टाकायची, हे सगळं पाटकऱ्याच्या हातात. पाटकरी गावानंच निवडायचा आणि गावानंच काढायचा. पाणी कमी झालं तर सगळ्यांनीच कमी घ्यायचं, पण ज्याची बारी, म्हणजे पाळी, त्याला ती मिळालीच पाहिजे, हा वाडवडलांपासूनचा नियम. लिहिलेला कुठंच नाही, पण पाळायचा.

बायको मात्र पितांबरभाऊला मिळाली नाही. पत्रिकेत मंगळ कडक. मुलीकडचे यायचे, चहा प्यायचे, पत्रिका बघायचे आणि चपला शोधायला लागायचे. मी चिडवायची, "भाऊ, त्या मंगळानं तुमच्या दारात खाट टाकलीय बघा." तो हसायचा आणि फावडं उचलायचा.

एकोणीसशे चोवीसच्या पावसाळ्यात गंमत झाली. पावसाळा म्हणायचं आपलं, थेंब नव्हता. श्रावणात आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. दुपारी निंबाखाली जीवराम मास्तर वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि काम नसलेले सगळे ऐकायचे. म्हणजे अख्खं गाव. मी पाणी नेऊन द्यायच्या निमित्तानं तिथंच.

मास्तरांनी वाचलं की मंगळ हा आपल्या पृथ्वीसारखाच एक गोळा आहे. यंदाच्या श्रावणात तो इतका जवळ येतोय की हयात माणसांनी कधी बघितला नसेल. तिकडं अमेरिकेत म्हणे लोक बिनतारी यंत्रं लावून, त्याच्याकडून काही आवाज येतो का म्हणून कान देऊन बसणार आहेत. आणि काही मोठमोठे विद्वान दुर्बिणीतून बघून सांगतात की मंगळावर सरळ रेघा दिसतात. ते पाट आहेत. तिथं पाणी नाही, फक्त दोन टोकांना बर्फ आहे. तो वितळला की तिथले रहिवासी पाटानं ते पाणी साऱ्या गोळ्यावर फिरवतात.

लोक हसले. छगन न्हावी म्हणाला, "मास्तर, तठे हजामत कोन करस, ते बी दखा ना पेपरमा."

पितांबरभाऊ हसला नाही. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी आयुष्यात त्याचं तसं तोंड कधी बघितलं नव्हतं. देवळात नाही, जत्रेत नाही. त्यानं हळूच विचारलं, "मास्तर, एका टोकपाईन दुसरा टोकलगून? बठ्ठा गोळावर?"

"असं लिहिलंय बुवा."

"आनि पानी शेवटलगून पोचस?"

"पोचत असेल. त्याशिवाय का खणले असतील?"

तो उठून बंधाऱ्यावर गेला. दिवे लागायच्या वेळेला मी भाकरी घेऊन गेले, तर हा दगडावर बसलेला. समोर पूर्वेला तो लालबुंद तारा नुकताच वर आला होता. इतर ताऱ्यांसारखा डोळा मिचकावत नव्हता. निखाऱ्यासारखा एकटक.

"वहिनी," तो म्हणाला, "आपला हा एवढासा पाट. त्यावर दोन फड. तरी वरसातून एकदा डोकी फुटतस. आनि तठे बठ्ठा गोळाना एक पाट. कशी वाटत व्हतीन त्या बारी? भांडत नही व्हतीन का?"

"त्यांना वहिन्या नसतील," मी म्हटलं. "भांडण लावायला कोणी नको का?"

तो हसला नाही. म्हणाला, "मानसं नसतीन त्या. दोन हात बी नसतीन. पन पानी वाटी खातस ना, मंग कोनीतरी शे तठे. समजदार शे."

बाई गं! इतके दिवस मी मंगळ म्हणजे पत्रिकेच्या घरातलं एक काळं अक्षर समजत होते. आणि आता तिथं कुणीतरी फावडं घेऊन उभं. तरी सवय जाते का? म्हटलं, "भाऊ, त्यांच्या पोरींच्या पत्रिकेत काय बघत असतील? पृथ्वी कडक आहे म्हणून सोयरिकी मोडत असतील."

तेव्हा मात्र हसला. आणि मग बंधाऱ्याच्या दगडावर हात ठेवून म्हणाला, "हाऊ बंधारा कोनी बांधा, गावमा कोनले माहीत नही. कोनी म्हनस राजानी, कोनी म्हनस भूतंस्नी. माले वाटस, मंगळवरतून त्याच येल व्हतीन. शिकाडी ग्यात."

"आले आणि जेवले कुणाकडं? गावात एवढे पाहुणे आले आणि बायकांना पत्ता नाही, असं होतंय का?"

"पाट शिकाडाले येल मानूस जेवाले थांबस का, वहिनी?"

पण तारा कितीही जवळ आला तरी त्यातून पाणी पडणार नव्हतं. पोळा तोंडावर आला आणि पांझरा रोडावली. वरच्या फडाचा पुढारी रुपचंद आप्पा. माणूस वाईट नव्हता, पण उसाचा त्याला भारी लोभ. त्यानं पाटावर माणसं बसवली. खालच्या फडाकडं पाणी सोडणारी फळी उचलायची नाही, पाणी सगळं वरच. खालच्या फडाची बारी चालू होती, आणि त्यांचा ऊस कडेनं पांढरा पडायला लागला होता. सगळ्यात शेवटी, अगदी शेपटाला, भिकुबाईचं शेत. नवरा नाही, मूल नाही, होता तो ऊसच. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर त्याचं चिपाडच होणार.

पितांबरभाऊ फळीकडं गेला की रुपचंद आप्पा ओरडायचा, "फळीले हात लावशी, त उद्यापाईन पाटकरी दुसरा!" आणि निवडणाऱ्यांत वरच्या फडाचीच माणसं जास्त. फळी उचलली असती तर त्यांनी ती लगेच टाकली असती, आणि पाटही गेला असता. पाट गेला की पितांबरभाऊकडं उरलं काय?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुवायला सगळं गाव नदीवर जमलं. पाणी घोट्याएवढं, बैल जास्त. तिथंच जुंपली. खालचे म्हणतात बारी आमची, वरचे म्हणतात ऊस आमचा. काठ्या निघाल्या. आम्ही बायका काठावर, पोरांना मागं ओढून धरलेलं. उजेड गेला होता, पण तोंडं दिसत होती.

पितांबरभाऊ फळीपाशी उभा राहिला. हातात फावडं नाही, काठी नाही. मला वाटलं, आता मार खाणार. त्यानं पूर्वेकडं बोट केलं.

"दखा तठे!"

सगळ्यांनी बघितलं. टेकडीवर तो वर आला होता. इतका मोठा, इतका लाल, की खालच्या डबक्यात त्याची लाल रेघ थरथरत होती.

"मास्तरनी वाची दाखाडं ना? तो आज आपला अंगनमा शे. आपन त्यास्ना पाट दखतस, त मंग त्या आपला नहीत दखत का? बठ्ठा गोळाले पानी पाजनारी लोके ती. आनि आपन? घरमा पाहुना ऊना तर आपन भांडन झाकतस. आज पाहुना दारमा उभा शे, आनि आपन एक बाईना ऊस वाळाडी राहिनूत."

छगन हसायला गेला, पण तोही वरच बघायला लागला. मी वर बघत होते. एवढं मोठं आभाळ. त्यात कुठंतरी कुणीतरी पाटाच्या काठावर उभं राहून आपल्याकडं बोट करतंय. म्हणतंय, ते बघा, तिकडं एक निळा तारा आहे. तिथं पाणी आहे म्हणतात. ते लोक कसं वाटून घेत असतील?

मग भिकुबाईनं काय केलं असेल? तिनं डोक्यावरून पदर ओढला. परक्या वडीलधाऱ्या माणसासमोर ओढतात तसा, कपाळापर्यंत. त्या ताऱ्यासमोर! तिचं बघून शेजारणीनं ओढला. मग सगळ्या काठावर पदर सरसर वर गेले. माझासुद्धा. हात कधी उठला मला कळलंही नाही.

रुपचंद आप्पा बैल धुताना उघडाच होता, पागोटं काठावर काढून ठेवलेलं. त्यानं बायकांकडं बघितलं, मग वर बघितलं. पाण्यातून बाहेर आला, बाराबंदी घातली, पागोटं बांधलं. नीट, सोयरिकीला निघाल्यासारखं. आणि पितांबरभाऊकडं न बघता म्हणाला, "उचल."

"आप्पा, तुम्हीच हात लावा," पितांबरभाऊ म्हणाला. "वरतून दिसाले पाहिजे."

दोघांनी मिळून फळी उचलली. पाणी खालच्या फडाकडं वळलं. फार नव्हतं, पण त्याचा आवाज आम्ही सगळे उभे राहून ऐकत होतो. जणू वरचेही ऐकताहेत. आणि पाण्यात ती लाल रेघ खाली खाली, भिकुबाईच्या शेताकडं सरकत गेल्यासारखी दिसत होती. भिकुबाई तिच्या मागं मागं बांधावरून चालत गेली.

त्या वर्षी ऊस दोन्ही फडांचा बारीकच झाला. पण झाला.

पुढं कैक वर्षांनी मास्तरांनीच वाचून दाखवलं की आता दुसरे विद्वान म्हणतात, मंगळावर पाट वगैरे काही नाही, तो नजरेचा खेळ. मास्तर बिचारे वाचताना अवघडले. मला वाटलं, पितांबरभाऊचं तोंड उतरणार. म्हातारा झाला होता, पाटावर काठी टेकत फिरायचा. त्यानं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "नसतीन पाट. मंग त आपलाले हाऊ पाट जास्त जपाले पाहिजे. आपलाच पाट दखीसन शिकतीन ना त्या."

मी म्हटलं, "आणि शिकायला खाली आले तर? जेवायला थांबतील, की तुमच्यासारखे आले तसे पळतील?"

"आपन थांबाडसूत," तो म्हणाला. "पन पहिले त्यास्नी बारी कोनती, ते ईचारसूत."

शेवटपर्यंत, मंगळ जवळ यायचा असला की तो आधी पाट साफ करून घ्यायचा. गवत काढायचा, कडा लिंपायचा, पाहुणे यायच्या आधी घर सारवतात तसा. गाव हसायचं आणि फावडी घेऊन त्याच्या मागं जायचं. रुपचंद आप्पा सगळ्यात पुढं.

पितांबरभाऊ गेला त्याला आता काही वर्षं झाली. मी त्याला जन्मभर चिडवलं. पण संध्याकाळी अंगणात असताना पूर्वेला तो लाल डोळा वर आला, की हातातलं काम थांबतं आणि हात आपोआप पदराकडं जातो. कोणी असेल, नसेल. आपण नीट दिसलेलं बरं.