द्वारकाबाईंचे मनोहरपंत

“तुझे यजमान घरी आले की पहिला शब्द कोणता बोलतात?”

द्वारकाबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी शाळेत रुजू होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत मी डबा उघडत होते आणि समोर बसलेल्या, पांढरे लुगडे नेसलेल्या पन्नाशीच्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. नाव विचारले नाही, माहेर विचारले नाही, एकदम यजमान! मी मनाशी म्हटले, ही बाई चोंबडी दिसते, हिच्यापासून चार हात लांब राहिलेले बरे.

“काही बोलत नाहीत. टोपी काढून खुंटीला लावतात,” मी तुटक उत्तर दिले.

“टोपी आधी की जोडे आधी?” बाईंनी विचारले.

नाशिकच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या मराठी शिकवत. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. बाईंच्या दोन कादंबऱ्या तोवर छापून आल्या होत्या, आणि त्यामुळे गावातले निम्मे लोक त्यांना मान देत आणि उरलेले निम्मे त्यांच्यासमोर तोंड मिटून बसत. त्यांच्या प्रश्नांतून कोणी सुटत नसे. शाळेची शिपाईण गिरजाबाई घंटा देऊन आत आली की तिलाही धरत. “गिरजे, तुझा नवरा कामावरून आला की काय म्हणतो?” गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसायची. “काय म्हननार बाई? भाकर हाय का, म्हनतो. नाय म्हनलं की मंग लय बोलतो.” बाईंना हे फार आवडले होते. नवऱ्याला बोलते करायचे तर भाकरी नाही म्हणावे, असे त्या आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या.

ही चौकशी कशासाठी, हे मला पुष्कळ दिवस कळेना. मी संशयी स्वभावाची. बाई आपल्याकडून काढून घेतात आणि दुसरीकडे पोहोचवतात, असा माझा पक्का समज. एकदा मी तोंडावरच विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं सुशीला, माझं लग्न नवव्या वर्षी झालं आणि अकराव्या वर्षी मी विधवा झाले. नवऱ्याचं तोंडसुद्धा मला धड आठवत नाही. मग विधवांच्या आश्रमात शिकले, तिथून या शाळेत आले. पुरुष कसा वागतो हे मला माहीत असायचं कसं? आणि कादंबरीत तर तो लागतो. तुम्ही सगळ्या जेवढा सांगाल तेवढाच माझ्याजवळ आहे.”

त्यानंतर मी सांगायला लागले. खरे तर सांगायची मजाच वाटू लागली. बाईंची मते ऐकायला मिळत, तीही काही साधीसुधी नसत. “आपल्या बायकांच्या कादंबऱ्यांत पुरुष दोनच,” त्या म्हणत. “एक देव आणि एक दारुडा. देव शेवटी पाया पडायला, दारुडा शेवटी पश्चात्ताप करायला. दोघांपैकी एकही कधी जेवायला बसत नाही. माणूस ताटावर बसला की कळतो गं!” एकदा म्हणाल्या, “दारुडा लिहिला की कोणी पुरुष रागावत नाही. जो तो म्हणतो, मी कुठे पितो? मला असा लिहायचाय की जो कधी आवाज चढवत नाही, हात उगारत नाही, बायकोला लुगडी आणतो. आणि तरी त्या घरात तिला गुदमरल्यासारखं होतं.”

तो त्यांनी लिहिला. माझे अक्षर चांगले म्हणून तिसऱ्या कादंबरीची मुद्रणप्रत मी करून द्यायची ठरले. शनिवारी शाळा लवकर सुटायची. मग मी पूल ओलांडून पंचवटीत त्यांच्या खोलीवर जाई आणि दिवेलागणीपर्यंत लिहीत बसे. कादंबरीतल्या नायिकेचा नवरा मनोहरपंत. गोरा, हसतमुख, सुपारीसुद्धा न खाणारा. सातव्या प्रकरणात मनोहरपंत बायकोच्या माहेरचे पत्र चाकूने नीट कडेने फोडतात, स्वतः वाचतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि तिला सांगतात, “सगळे खुशाल आहेत.”

माझा टाक थांबला. आमच्या घरी अगदी असेच होत असे. माझे वडील मनमाडला रेल्वेत होते. त्यांचे पत्र आले की आधी आमचे हे फोडत, वाचत आणि मग सवडीने माझ्या हाती देत. तेच शब्द, “सगळे खुशाल आहेत.” हे मीच कधीतरी हसत हसत बाईंना सांगितले होते. पण कादंबरीत पुढे होते. पत्रात आई अंथरुणाला खिळल्याचे असते, आणि घरी पाहुणे यायचे म्हणून मनोहरपंत ते आठ दिवस दडवून ठेवतात.

“बाई, हे पत्राचं…”

“पत्र तू दिलंस,” बाई शांतपणे म्हणाल्या. “दडवणं माझं.”

मी प्रत पुरी केली, पण त्या दिवसापासून माझे चित्त ठिकाणावर राहिले नाही. पुढचे पत्र हातात पडले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला. नाशिकचा शिक्का पाच दिवसांपूर्वीचा होता. “आजच आलं,” हे म्हणाले होते. आत लिहिले होते की आईचे गुडघे फार धरलेत, चार दिवस येऊन गेलीस तर बरे. मी पाकीट उलटसुलट केले, शिक्का पुन्हा पाहिला आणि ते पेटीत ठेवले. खरे सांगते, तेव्हा मला यांचा राग आला नाही, बाईंचा आला. माझे बरे चालले होते, कशाला मला शिक्का बघायला लावला?

कादंबरी छापून आली आणि गावात कुजबुज सुरू झाली. शाळेच्या कार्यकारी मंडळात तिघे होते. अध्यक्ष रावसाहेब, म्हणजे बडे वकील, आणि त्यांच्याखेरीज एक डॉक्टर नि एक कापडाचे व्यापारी. रावसाहेबांची खात्री झाली की मनोहरपंत म्हणजे आपणच, आणि आपल्या बायकोनेच घरातले बाहेर नेले. त्या बिचाऱ्या शाळेत मुलींना भरतकाम शिकवायला येत, त्यांचे येणे बंद झाले. आठवड्याने डॉक्टरीणबाईंचे हळदीकुंकवाला बाहेर पडणे थांबले. मग व्यापाऱ्याच्या घरी काय झाले ते गिरजाबाईने येऊन सांगितले. “काय वो बाई, समदेच पत्रं फोडत्यात का काय?” तोवर हे कोणाचेच कोणाला ठाऊक नव्हते. आता मात्र तिघे एकमेकांकडे संशयाने पाहू लागले आणि मिळून द्वारकाबाईंवर उठले.

मंडळाची सभा शाळेतच भरली. सभेचे इतिवृत्त लिहायला अक्षर चांगले म्हणून मला बसवले. बाईंना समोर उभे केले होते. बसा असे कोणी म्हटले नाही.

रावसाहेब म्हणाले, “आम्हाला तुमच्या साहित्याशी कर्तव्य नाही. एवढंच सांगा, ही कोणाच्या घरातली गोष्ट आहे? नाव सांगा. आमच्यापैकी कोणाची नसेल तर विषय इथेच संपला. तुमची नोकरी कायम राहील.”

“नाव सांगितलं तर त्या बाईचं काय कायम राहील?” बाईंनी विचारले.

“म्हणजे आहे कोणीतरी!” डॉक्टर पुढे सरकले.

“पुष्कळ आहेत.”

“हे पाहा, तुम्ही संसार केलेला नाही,” रावसाहेबांचा आवाज चढला. “तुम्हाला पुरुषांची माहिती असण्याचं कारण नाही. हे तुम्हाला कोणीतरी पुरवलेलं आहे.”

“मनोहरपंत माझे आहेत, रावसाहेब. मी घडवले. तुम्हाला ते आपल्या घरात सापडले, त्याला मी काय करू?”

मी इतिवृत्ताच्या वहीवर मान खाली घालून बसले होते. आता बाई माझ्याकडे बघतील, या भीतीने मी गारठले होते. नुसते बघितले असते तरी पुरे होते, तिघांनाही कळले असते. “ते आमचे हे आहेत,” एवढेच मी म्हणायचे होते. तेवढ्याने बाईंची नोकरी वाचली असती, रावसाहेबांच्या बायकोची कोंडी सुटली असती. माझे काय झाले असते ते देव जाणे. मी बोलले नाही. बाईंनी सबंध सभेत एकदाही माझ्या दिशेला नजर वळवली नाही. शेवटी रावसाहेबांनी सांगितले आणि मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिले, ‘द्वारकाबाईंनी खुलासा करण्यास नकार दिला. सबब त्यांना महिनाअखेर सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.’ शाईसुद्धा फुटली नाही कुठे.

वऱ्हाडातल्या एका शाळेत त्यांना काम मिळाले. त्या निघाल्या त्या दिवशी सकाळी मी पंचवटीत गेले. नाशिक रोड स्टेशनला जायला टांगा येऊन उभा होता. टांगेवाले करीमभाई पुस्तकांचे खोके चढवताना कुरकुरत होते, “बाईजी, इसमें पत्थर भरे क्या? घोडा माझा म्हातारा आहे हो.”

“बाई, मी बोलायला हवं होतं,” मी कसेबसे म्हटले.

“हवं होतं,” त्या म्हणाल्या. मला वाटले होते, नाही गं, तसं काही नाही, असे म्हणतील. तसे म्हणणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. मग टांग्यात बसत म्हणाल्या, “पण तुला संध्याकाळी त्याच घरी परत जायचं होतं. मला कुठे कोणाकडे जायचं होतं?” आणि एकदम, “मनमाडला जाऊन आलीस का? आईचे गुडघे कसे आहेत?”

मी गेले नव्हते. आईच्या गुडघ्यांचे मी त्यांना सांगितल्याचेही मला आठवत नव्हते. बहुधा सांगितले असावे. करीमभाईंनी लगाम ओढला आणि टांगा पुलाकडे वळला.

त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही. सहा-सात वर्षांनी अमरावतीकडच्या एका शिक्षिकेकडून त्या वारल्याचे समजले. चौथी कादंबरी अर्धी राहिली म्हणे, त्यात पुरुषच नव्हते. ते खरे की त्या शिक्षिकेने मनचे सांगितले, कोण जाणे. मला मात्र राहून राहून आठवतो तो बाई गेल्या त्याच आठवड्यातला रविवार. गावात एवढा गवगवा झाला म्हणून आमच्या यांनीही वाचनालयातून ती कादंबरी मिळवली. जेवण करून ओटीवर बसले आणि दोन बैठकींत संपवली. मी आत तांदूळ निवडत होते. हात तांदळात होते आणि लक्ष सगळे बाहेर. आता हाक येणार, आता हे विचारणार, असे वाटत होते.

हाक आली. मी दारात जाऊन उभी राहिले. यांनी पुस्तक मिटले, चष्मा काढून पुसला आणि हे मनापासून हसले.

“काय माणूस आहे! बायकोची पत्रं फोडतो! रावसाहेब अगदी हुबेहूब उतरलेत गं. उगाच काढलं त्या बाईला. पुरुषांची चांगली पारख होती तिला. तुला काय वाटतं?”

“हो,” मी म्हटले. “हुबेहूब उतरलेत.”