आमच्या मधली शमीम

सुनंदाचं नाव फोनवर दिसलं तेव्हाच कळलं, शमीमचं काहीतरी झालं. सहा वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो; तिनं मला फोन करावा असं दुसरं कारणच नव्हतं. “वनिता… शमीम गेली. शाळेत निघाली होती,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

आम्ही तिघी पांढरकवड्याच्या एकाच शाळेत शिक्षिका. मुख्याध्यापिकेच्या जागेवरून सुनंदाचं आणि माझं बिनसलं, आणि स्टाफरूममध्ये शमीमनं आपली खुर्ची आमच्या मधे ओढली. ती इंग्रजी शिकवायची. ‘म्युच्युअल फ्रेंड’ समजावताना भांडलेल्या दोन पोरी उभ्या करायची, मधे तिसरी, दोघींचे हात धरून. “ही दोघींची मैत्रीण. हिनं हात सोडले, की दोघीबी सुटल्या.” मग आमच्यात येऊन बसायची. “अबोला तुमचा, अन् इकडं-तिकडं पाहून मान माही दुखून राह्यली!”

रविवारी बाजाराला जाताना ती माझ्याकडे डोकवायची. दाराजवळच्या स्टुलावर मी तिच्यासाठी चकल्यांचा डबा भरून ठेवायचे. स्टीलचा, झाकणावर माझं नाव कोरलेलं. परत यायचा तो लिंबाच्या लोणच्यानं भरून. “लोणचं तुझ्याच हातचं खावं,” मी म्हणायचे. ती नुसती हसायची.

तिसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. बायकांत सुनंदा होती. शेजारी बसले, तर मधे एका माणसापुरती जागा आपोआप सुटली… थोड्या वेळानं तिनं पिशवीतून माझा डबा काढला. आत लोणचं.

“हा तुझ्याकडं कसा?”

“तूच चकल्या धाडत होती न मले. शमीम म्हणे, बोलत नाही अजून, पण आठवण ठेवते.”

“मी त्या शमीमला देत होते.”

सुनंदानं झाकणावरच्या माझ्या नावावरून बोट फिरवलं. “मंग एवढी वर्षं मी लोणचं कोणाले धाडलं वं?”

मी सहसा रडत नाही. तिथं रडले. सुनंदा माझ्या एका शब्दाची वाट पाहत होती, आणि मी तिच्या लोणच्याचं कौतुक शमीमपाशी करत बसले होते.

याला महिना झाला. सुनंदानं भरून दिलेला डबा रिकामा ठेवायची रीत नाही, म्हणून काल रविवारी चकल्या तळल्या, डबा भरला आणि सवयीनं स्टुलावर ठेवला… बाजाराची वेळ टळली, तरी तो तिथंच होता.

सुनंदाचं घर दहा मिनिटांवर आहे. मी चपला घातल्या.